पेला आणि सोबत : वैमानिकांच्या मेसविषयी



आजच्या विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. जैन घरातला माणूस, त्यात होमिओपॅथीचा डॉक्टर, आणि बोलणार कशावर, तर लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसवर आणि वैमानिकांच्या पिण्यावर! मद्य, मांस आणि मधू यांचा त्याग आमच्याकडे श्रावकाच्या मूलगुणांत मोजला जातो. मी आजवर थेंबही चाखलेला नाही आणि दारूची वकिली करायला इथे उभा नाही. पण आमोण्यात दवाखाना चालवताना मी एका माणसाच्या हातातला पेला काढून घेतला. पेल्याबरोबर आणखी काय काढून घेतले, हे मला दोन वर्षांनी कळले. त्या चुकीचा हिशेब आपल्यासमोर मांडावा, म्हणून हा विषय निवडला.

ते गृहस्थ नौदलातून निवृत्त झालेले हेलिकॉप्टर वैमानिक. मूळचे साताऱ्याकडचे, सासुरवाड डिचोली तालुक्यातली, म्हणून निवृत्तीनंतर इकडेच घर बांधले. नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्यांना कमांडरसाहेब म्हणत असू.

आपल्याला दाबोळी म्हणजे मुंबईचे विमान पकडायची जागा एवढेच ठाऊक असते. पण दाबोळी हे भारतीय नौदलाच्या वैमानिकांचे माहेरघर. पोर्तुगीजांनी बांधलेल्या त्या धावपट्टीवर १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय हवाई दलाने बॉम्ब टाकले आणि मुक्तीनंतर ती नौदलाच्या ताब्यात आली. नौदलाचा ‘आयएनएस हंसा’ हा हवाई तळ ५ सप्टेंबर १९६१ रोजी कोइमतूरला सुरू झाला होता. १९६४ साली तो दाबोळीला हलला. सी हॉक, अलिझे, १९८३ च्या डिसेंबरात आलेली सी हॅरियर, आणि आता मिग-२९ के, या साऱ्यांचे घर तेच.

हे काम काय असते, याचा अंदाज घ्या. जुनी ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका सुमारे २१३ मीटर लांब होती. त्यातल्या एका तुकड्यावर, तेही समुद्रात हलत असताना, जेट विमान उतरवायचे आणि विमानाच्या शेपटीखालचा आकडा डेकवरच्या तारेत अडकला तरच ते थांबायचे. १८ मे १९६१ रोजी लेफ्टनंट ताहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिले जेट उतरवले, पुढे ते नौदलप्रमुख झाले. पण सगळेच नौदलप्रमुख होत नाहीत. २०१६ साली सी हॅरियर निवृत्त झाली, तोवर घेतलेल्या विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती. आणि १ ऑक्टोबर २००२ चा दिवस आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. एका तुकडीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात दाबोळीजवळ दोन आयएल-३८ विमाने आकाशात एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले १२ नौसैनिक गेले आणि खाली जमिनीवरची माणसेही गेली.

कमांडरसाहेब तेव्हा निवृत्त होते. त्या संध्याकाळी ते डिचोलीहून दाबोळीला गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. मला म्हणाले, “डॉक्टर, तिथं कुणी रडलं नाही. प्यायलो. एकेकाचं नाव घेऊन त्याच्या फजितीच्या गोष्टी सांगितल्या आणि हसलो.” मला ते विचित्र वाटले होते. आपल्याकडे बाराव्या-तेराव्याला जमलेली मंडळी तरी दुसरे काय करतात, हे मला तेव्हा सुचले नाही.

अधिकाऱ्यांची मेस ही इंग्रजांकडून आलेली संस्था. नौदलात तिला वॉर्डरूम म्हणतात. इंग्रजांच्या नौदलात खलाशांना रोज रम मिळे. ती प्रथा थेट ३१ जुलै १९७० ला बंद झाली. अमेरिकेने आपली जहाजे १९१४ मध्येच कोरडी केली. त्यामुळे त्यांचे वैमानिक किनाऱ्यावर आले की क्लबात तहान भागवत. तिथे दाराशी पाटी असे: जो टोपी घालून आत येईल, त्याने सर्वांचे पैसे भरावेत. बारवर घंटा टांगलेली असे, ती वाजली की समजायचे, कुणीतरी सापडला.

या पोरखेळात एक शहाणपण होते. टोपी म्हणजे हुद्दा. तो दाराबाहेर ठेवायचा. आत गेल्यावर विशीतला पोरगा आपल्या वरिष्ठाशेजारी उभा राहून बोलू शकत असे.

कमांडरसाहेबांनी सांगितलेला प्रसंग ऐका. ऐन पंचविशीत ते रात्री जहाजावर हेलिकॉप्टर उतरवत होते. समुद्रावर अंधारात क्षितिज दिसत नाही. जहाजावरच्या एकाच दिव्याकडे पाहता पाहता आपण खाली खाली चाललो आहोत, याचे भान त्यांना राहिले नाही. शेजारचा ओरडला म्हणून वाचले. कागदावर काहीच घडले नव्हते. हेलिकॉप्टर सुखरूप उतरले होते. सांगितले तर उड्डाण बंद होईल ही भीती, आणि न सांगावे तर झोप नाही. किनाऱ्यावर आल्या रात्री मेसमध्ये दुसऱ्या पेगानंतर त्यांनी ते वरिष्ठांना सांगितले. वरिष्ठ थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “माझंही झालंय. त्याच दिव्यावर.” मग त्यांनी बारवरच्या आगपेट्या मांडून, नजर कुठे ठेवायची आणि कोणत्या क्षणी उपकरणांकडे वळवायची, हे अर्धा तास समजावले. आजूबाजूला चार तरुण उभे होते. तेही शिकले.

आमच्या परंपरेत याला एक शब्द आहे : आलोचना. मराठीत आज त्याचा अर्थ टीका असा होऊन बसला आहे. मूळ अर्थ वेगळा. आपल्या हातून झालेला दोष आपणच गुरूसमोर, काही न लपवता सांगायचा, ती आलोचना. गुरू प्रायश्चित्त सांगतो आणि माणूस हलका होऊन उठतो. वैमानिकांच्या बारवर, हातात पेला असलेल्या लोकांत, हेच चालले होते. त्यासाठी पेला हवाच होता का, हा खरा प्रश्न.

डॉक्टर म्हणून पेल्याची बाजू आधी सांगतो. आपल्याकडची रम-व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. असे चार पेग सत्तर किलोच्या माणसाने घेतले, तर ते रक्तातून पूर्ण उतरायला ढोबळमानाने दहा-अकरा तास लागतात. कॉफी, आंघोळ, लिंबू यांनी तो वेग वाढत नाही. नागरी वैमानिकांना आपल्या देशात उड्डाणाआधी १२ तास मद्य वर्ज्य आहे, ते उगाच नव्हे. शिवाय आपल्या अंतर्कर्णात तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. अल्कोहोल तिथे शिरते आणि सावकाश बाहेर पडते. रक्त स्वच्छ झाल्यावरही काही तास डोके वळवले तर जग किंचित फिरते. जमिनीवर ते कळतही नाही. ढगात शिरलेल्या वैमानिकाला तेवढे पुरते.

आणि यकृत! त्याला हुद्दा कळत नाही.

तेव्हा ही मेस ओसरली, याचे दुःख करताना ती का ओसरली हेही मोकळेपणाने सांगायला हवे. नियम कडक झाले. नागरी वैमानिकाला नळीत फुंकर मारून दाखवावी लागते. दरवर्षीच्या वैद्यकीय तपासणीत रक्तदाब-साखर निघाली तर पंख जातात, म्हणून तरुण अधिकारी संध्याकाळी बारऐवजी व्यायामशाळेत जातो. बायको नोकरी करते, घर तळाबाहेर असते, आणि पिऊन गाडी चालवण्याचा पहिला दंडच २०१९ पासून दहा हजारांपर्यंत गेला. शिवाय त्या जुन्या बैठकीत सगळ्यांना जागा नव्हती. न पिणाऱ्याला ती नव्हती आणि बायकांना तर नव्हतीच. १९९१ साली लास वेगासला अमेरिकन नौदल वैमानिकांच्या मेळाव्यात दारूच्या भरात ८३ स्त्रियांशी गैरवर्तन झाले आणि त्या देशातली ही सारी संस्कृतीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. आपल्या नौदलात २०१९ च्या डिसेंबरात पहिली स्त्री वैमानिक झाली. तिला ज्या खोलीत मान खाली घालावी लागेल, ती खोली बदललेलीच बरी.

चुका सांगण्याचीही नवी सोय झाली. अमेरिकेत १९७६ पासून ‘नासा’ ही संस्था वैमानिकांकडून गोपनीय पत्रे घेते. आपली चूक लिहून कळवा, नाव बाहेर जाणार नाही. त्यातून असंख्य धडे मिळाले. दारू न पिता आलोचना झाली, असे मी त्यावर म्हणेन. मात्र कागद धडा घेतो. “माझंही झालंय” असे म्हणत नाही.

आता माझी चूक. कमांडरसाहेबांचे पाय सुजू लागले, भूक मेली. मी तपासण्या करवून घेतल्या. यकृत बिघडायला लागले होते. मी स्पष्ट सांगितले : थेंबही नाही. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडले तर दोन-तीन दिवसांत कंप, भ्रम, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. ते काम माझ्या गोळ्यांचे नव्हे, म्हणून त्यांना आधी रुग्णालयात ठेवले. एवढे मी नीट केले. माणूस सैनिक, शब्द दिला आणि पाळला. वर्षभरात रक्ताचे अहवाल सुधारले. मी तो अहवाल चारचौघांना कौतुकाने दाखवल्यासारखा सांगत असे.

दोन वर्षांनी वहिनी एकट्याच दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही त्यांची दारू सोडवलीत, तुमचे उपकार आहेत. पण ते आता बोलतच नाहीत हो. दाबोळीला जात नाहीत. मित्रांचे फोन उचलत नाहीत. सकाळी खुर्ची बाहेर घेतात, संध्याकाळी आत आणतात.”

मी त्यांना चाळीस प्रश्न विचारले होते. किती पिता, कधीपासून, सकाळी हात थरथरतो का, झोप कशी. “कुणाबरोबर पिता?” हा एकेचाळिसावा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मी म्हटले, चला, मीच येतो दाबोळीला. त्यांचा पाहुणा म्हणून गेलो. एका हातात त्यांच्या लिंबू सोडा, एका हातात माझ्या. भिंतीवर तुकड्यांची मानचिन्हे, विमानांची छायाचित्रे, चकचकीत पितळ. आणि शुक्रवारची संध्याकाळ असून आत पाच-सहा माणसे. तिघे तरुण होते. नम्रपणे उठले, “गुड इव्हनिंग सर” म्हणाले, आणि पुन्हा आपापल्या मोबाईलमध्ये गेले. नऊ वाजता घरी निघूनही गेले. चांगली मुले होती. परतताना झुआरी पुलावर कमांडरसाहेब इतकेच म्हणाले, “मी सोडली म्हणून गेलं असं वाटत होतं. तिकडंही गेलंच आहे.”

त्या रात्री घरी आल्यावर मला आमच्या आमोण्याचा नदीकाठ आठवला. मांडवीतून खनिजाच्या बार्जी खाली मुरगावकडे जात, तेव्हा संध्याकाळी त्यांवरची माणसे तावेर्नात बसत. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि बार्जी काठाला लागल्या. त्यांतले कितीतरी माझ्याकडे येऊ लागले : झोप नाही, छातीत धडधड, घरात एकट्याने पिणे. पूर्वी चौघांत दोन पेले फेणी घेणारा आता एकटा बाटली संपवत होता. बैठक गेली तेव्हा दारू गेली नाही. कमांडरसाहेबांची दारू गेली तेव्हा बैठक राहिली नाही. दोन्हीकडे माणूस एकटाच पडला.

यातून वाट काढलेली माणसे आहेत. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरबाजारातला माणूस आणि एक शल्यविशारद, दोघेही दारूत बुडालेले, समोरासमोर बसून एकमेकांना आपली गोष्ट सांगू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ उभी राहिली. त्यांनी पेला काढला आणि बैठक ठेवली. डॉक्टर असून जे मला उशिरा कळले, ते त्यांना पहिल्याच दिवशी कळले होते.

आम्ही फार मोठे काही केले नाही. शुक्रवारी संध्याकाळी दवाखाना बंद झाल्यावर सोप्यावर खुर्च्या मांडू लागलो. चहा, भाजी-पाव, कधी कोकमाचे सरबत. आधी कमांडरसाहेब आणि मी. मग एक निवृत्त सुभेदार, बार्जीवरचे दोन जुने तांडेल, एक शिक्षक. पहिले तीन शुक्रवार पाऊस आणि राजकारण यावरच गेले. सुक्या घशाने बोलायला वेळ लागतो, हे मान्य केले पाहिजे. चौथ्या की पाचव्या शुक्रवारी एका तांडेलाने रात्री बार्ज रेतीवर कशी चढवली, ते सांगितले. आयुष्यात मालकाला सांगितले नव्हते. सगळे गप्प झाले. कमांडरसाहेबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, “माझंही झालंय.” आणि त्या दिव्याची गोष्ट सांगितली. मी ती आपल्याला मघाशी सांगितली, ती त्या संध्याकाळी ऐकलेली.

श्रोतेहो, आपल्या घराण्यांत कुणी ना कुणी फौजेत, नौदलात, बोटीवर असतोच. आता मोपाचा विमानतळ झाल्यापासून आपली नातवंडेही विमानांच्या कामात शिरत आहेत. घरात कुणाची दारू सोडवायची असेल तर अवश्य सोडवा, वेळ दवडू नका आणि रुग्णालयाची मदत घ्या. पण त्याच दिवशी त्याला विचारा, तू कुणाबरोबर बसत होतास? आणि त्यांच्यापैकी एकाला तरी घरी चहाला बोलवा.

माझ्या केसपेपरवर हा प्रश्न आता पहिल्या पानावर आहे.