मी लाईफ कोच व्हावं का?

(कार्यकर्ता व हितचिंतक मेळाव्यात एका भगिनीने केलेलं भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'क्षेत्रातील अनुभव' असं छापलंय. पण आज मी एका निर्णयाबद्दल बोलणार आहे. गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, काम सोडून तुम्ही लाईफ कोच होणार म्हणे?" माझं मानधन तुमच्या देणग्यांतून निघतं. तेव्हा याचं उत्तर कोपऱ्यात देणं बरं नव्हे, इथे उभं राहूनच द्यायला हवं.

आमच्या वसतिगृहात वाढलेली एक मुलगी आता पुण्यात नोकरी करते. मागच्या ईस्टरला घरी आली तेव्हा म्हणाली, "ताई, रात्री जेवणं झाली की तुम्ही आम्हाला एकेकीला जवळ बसवून बोलतं करायचात ना, तसंच काम तिकडे एक मॅडम करतात. तासाचे अडीच हजार घेतात." अडीच हजार! त्यात माझ्या स्कूटीचं महिन्याचं पेट्रोल सुटतं. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि माझे यजमान विनाअनुदानित शाळेत शिक्षक आहेत. सेवेबद्दल बोलताना पैशाचं नाव काढायचं नाही अशी आपल्याकडे पद्धत आहे. मला ती जमत नाही.

मग मी चौकशी केली. आपल्याला कोच म्हटलं की रेल्वेचा डबा आठवतो, आणि ते अगदीच चूक नाही. हंगेरीत कोच नावाचं गाव आहे. तिथल्या घोडागाड्या युरोपभर गेल्या आणि गावाचं नाव गाडीला लागलं. पुढे इंग्लंडमधले विद्यार्थी परीक्षा पार करून देणाऱ्या शिक्षकाला गमतीनं कोच म्हणू लागले, तिथून तो शब्द खेळाच्या मैदानावर गेला. 1974 मध्ये टिमथी गॅलवे या टेनिस शिकवणाऱ्यानं एक पुस्तक लिहिलं. खेळाडूचा मोठा प्रतिस्पर्धी त्याच्या स्वतःच्याच डोक्यात बसलेला असतो, असा त्याचा मुद्दा होता. ते विचार कंपन्यांत पोहोचले आणि मग घराघरात. 1995 मध्ये इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था निघाली. तिचं पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र हवं असेल तर किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा अनुभव लागतो, शिवाय परीक्षा. पण आपल्या देशात कोच होण्यासाठी कसलाही परवाना लागत नाही. मानसोपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला नोंदणी करावी लागते, कोचला नाही. मी उद्या कार्ड छापून घेतलं तरी मला कोणी अडवणार नाही. त्यामुळे दोन दिवसांचं शिबिर, हॉटेलातलं जेवण आणि सोनेरी प्रमाणपत्र असा धंदाही जोरात आहे. तरुणांनो, तिथे फी भरण्याआधी मला एक फोन करा.

कोचचं खरं काम काय, हे कळलं तेव्हा मात्र मी चपापले. कोच सल्ला देत नाही. तो विचारतो, ऐकतो आणि समोरच्याला त्याचा रस्ता शोधू देतो. आणि आपण? आपला तर अर्धा दिवस सल्ले देण्यात जातो! बेथेसदाच्या तळ्याकाठचा 38 वर्षं आजारी असलेला माणूस, यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय, दोघांनाही प्रभूनं आधी विचारलं, तुला काय हवं? डिप्लोमाच्या परीक्षेत या उताऱ्यांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण त्यानं आधी विचारलं, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

एक परिचयवर्ग मी केला, शनिवारी, फोनवर. सरावासाठी माणसांशी बोलायचं होतं, सल्ला न देता. पहिली होती नर्सिंग झालेली मुलगी. सुरतला नोकरीला जावं की नाही, असा तिचा प्रश्न. दहाव्या मिनिटाला मी म्हणाले, "हे बघ, माझं ऐक." संपला सराव.

दुसरे एक काका, सातपुड्याच्या पायथ्याचे. दर वर्षी नवराबायको दोघं कोयत्यावर जातात. मुकादमाची उचल घेतलेली. वर्गात शिकवलेला प्रश्न मी त्यांना विचारला, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" ते हसले. म्हणाले, "ताई, दिवाळी झाली की बारडोलीला. पाच वर्षांचं उचल फिटल्यावर सांगतो." मला लाज वाटली. त्यांचं मन ठिकाणावर होतं, हिशेब ठिकाणावर नव्हता. पैसे किती घेतले, किती फिटले, हे फक्त मुकादमाच्या वहीत. मग कोचिंग बाजूला ठेवलं आणि शंभर पानी वही आणून दोघांनी मिळून आठवेल तसं सगळं मांडलं. प्रभूनंही नुसता प्रश्न विचारून पाठ फिरवली नव्हती, त्या माणसाला उठवून चालतं केलं होतं.

तिसरी मुलगी काही बोलेचना. तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, डोळे कुठेतरी लागलेले. इथे प्रश्न विचारत बसणं म्हणजे पाप. तिला मी जिल्हा रुग्णालयात नेलं, आता औषध चालू आहे. अशा वेळी 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. आपण कुठे थांबायचं हे ज्याला कळत नाही, त्यानं या धंद्यात पडूच नये.

आणि चौथी, आमच्या अंगणवाडीची मदतनीस. तिची चार पाड्यांवर पायपीट. सासरी वाद, नोकरी सोडू का म्हणत होती. मी विचारलं, "तुला स्वतःला काय हवंय?" ती इतका वेळ गप्प बसली की मला वाटलं आपलं काही चुकलं. मग म्हणाली, "हे मला आजवर कोणी विचारलं नाही." आणि थोड्या वेळानं, "मला मोटारसायकल शिकायची आहे." मी तिला नोकरी टिकवण्यावर मोठं भाषण देणार होते! दोन महिन्यांत ती शिकली. दिराचीच गाडी, दिरानंच शिकवली. आता नोकरी सोडायचं नाव काढत नाही.

या चार माणसांवरून मी ठरवलं ते असं. पूर्ण प्रशिक्षण मी घेणार, माझ्या खर्चानं. महिन्यातले दोन शनिवार शहरातल्या लोकांशी फोनवर बोलून फी घेणार. पौलानं करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले, ते काही लपवून नाही. ज्यांच्यासाठी तुम्ही देणगी देता, त्यांच्याकडून एक रुपया घेणार नाही आणि पाड्यावर कोच म्हणून कार्ड वाटणार नाही. तिथे मी ताईच. काम सोडणार नाही.

यजमानांना हे अर्धवट वाटतं. "एक तर पुरतं हे कर, नाही तर ते," असं त्यांचं म्हणणं, आणि ते चुकीचं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. समितीला मी लेखी अर्ज दिलाय, बैठक पुढच्या महिन्यात आहे. समिती नको म्हणाली तर शनिवारही पाड्यावर. तुमच्यापैकी कोणाला माझं हे पटत नसेल तर चहाच्या वेळी स्पष्ट सांगा. मी मध्ये बोलणार नाही, तेवढा सराव आता झालाय.

काकांचा गेल्या आठवड्यात बारडोलीहून फोन आला होता. मुकादम सांगतो त्यात आणि आमच्या वहीत सतराशे रुपयांचा फरक निघतोय. म्हणाले, "ताई, ती वही सांभाळून ठेवा. आल्यावर त्याच्यासमोर उघडायची आहे."