पारपत्राची मुदत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी पारपत्रासारखा रुक्ष विषय आम्ही निवडावा, हे काहींना विजोड वाटेल. परंतु ज्यांनी हे मंडळ स्थापिले ते नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर आले, आणि त्यांची मुले-नातवंडे आज देशाबाहेर आहेत. कोणी दुबईस, कोणी लंडनला, कोणी अमेरिकेत. तेव्हा हा विषय आपल्या घरचाच म्हणावयाचा.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपण ‘नूतनीकरण’ म्हणतो. प्रत्यक्षात जुने पारपत्र रद्द होऊन नव्या क्रमांकाची नवी पुस्तिका मिळते. प्रौढांच्या पारपत्राची मुदत सामान्यतः १० वर्षांची असते. लहान मुलांची ५ वर्षांची, अथवा अठरावे वर्ष पूर्ण होईपर्यंतची, यांत जे आधी येईल ते. मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. उलट, सहा महिन्यांची मुदत शिल्लक नसेल तर अनेक देश प्रवेशच देत नाहीत. म्हणजे दहा वर्षांचे पारपत्र व्यवहारात साडेनऊ वर्षांचेच समजावे.

परदेशात हा अर्ज आपण राहतो त्या भागाच्या भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे करावयाचा. अर्ज संगणकावर भरावा लागतो. कागद स्वीकारण्याचे काम बऱ्याच देशांत खाजगी केंद्रांकडे सोपविलेले आहे. निर्णय मात्र दूतावासाचाच. जुन्या पुस्तिकेत अमेरिकेसारख्या देशाचा व्हिसा चालू असेल, तर रद्द झाली म्हणून ती टाकून देऊ नये. प्रवासात नवीबरोबर तीही बाळगावी.

हे सारे सोपे आहे. पण केव्हा, तर वेळ हाती असेल तेव्हा. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे चिरंजीव आखातात नोकरीस होते. पारपत्र मालकाच्या तिजोरीत असल्याने त्यावरील तारीख कोणाच्याच दृष्टीस पडत नव्हती. इकडे आईस अर्धांगाचा झटका आला. पारपत्र हाती आले तेव्हा कळले, की मुदत संपून दोन महिने झाले आहेत. नव्या पुस्तिकेसाठी थांबणे शक्य नव्हते. दूतावासाने आपत्कालीन प्रमाणपत्र दिले व मुलगा आईपाशी पोहोचला. परंतु ते प्रमाणपत्र केवळ भारतात येण्यापुरते असते. त्यावर परत जाता येत नाही. नवे पारपत्र हाती येईपर्यंत, एका खोलीत आईचे आजारपण आणि दुसरीत मुलाच्या नोकरीची विवंचना, असे दिवस त्या घराने काढले.

१९६७ च्या पारपत्र अधिनियमाच्या १७ व्या कलमानुसार पारपत्र ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. ते परक्याच्या कुलपात पडू देऊ नये, हे आपल्या मुलांना अवश्य सांगावे.

आता आमचा मुख्य मुद्दा. परदेशातील या कामाची निम्मी तयारी येथे, आपल्या घरच्या कपाटात व्हावयाची असते. आपल्या रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी होते. नागपूरच्या किंवा सांगलीच्या जन्मदाखल्यावर मुलाचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव अशी तिन्ही नावे येतात. येथील शाळेच्या दाखल्यावर नाव आणि आडनाव एवढेच. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव मराठी माणूस इंग्रजीत ‘डी-एन-वाय’ने लिहितो, हिंदी भाषिक लेखनिक ‘जी-वाय’ने. एकाच मुलाची अशी दोन नावे होतात, आणि सहस्रावधी मैलांवरील खिडकीपाशी त्याला आपण एकच आहोत हे सिद्ध करावे लागते. सुनांच्या बाबतीत तर सासरी नावही बदलण्याची आपली जुनी चाल. विवाहानंतर पारपत्रावरील नाव बदललेच पाहिजे, असा नियम नाही. बदलावयाचेच असेल तर परदेशगमनापूर्वी बदलावे, म्हणजे पारपत्र एका नावाचे व व्हिसा दुसऱ्या नावाचा, असा घोळ होत नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. गुढीपाडव्यास आपण नवे पंचांग उघडतो. त्याच दिवशी घरातील सर्वांच्या, परदेशी असलेल्यांच्याही, पारपत्रांच्या तारखा एकदा वाचाव्यात. जन्मदाखला, शाळेचा दाखला, विवाहाची नोंद आणि पारपत्राच्या पहिल्या व शेवटच्या पानाची प्रत एका फाइलीत ठेवावी. नावांत फरक आढळला तर तो तेव्हाच दुरुस्त करून घ्यावा. मंडळानेही महिन्यातील एक रविवार या कामास द्यावा. सरकारी नोकरीत कागद वाचण्याची सवय आम्हांस लागलेली आहे. त्या दिवशी मंडळाच्या कार्यालयात येऊन बसण्यास आम्ही आनंदाने तयार आहोत.

घरून बोलावणे आले असता लेकरास निघता यावे, याहून या पुस्तिकेचा मोठा उपयोग आम्हांस दिसत नाही. आपल्या मंडळाने शताब्दी पाहावी, आणि त्या सोहळ्यास दूरदेशीची मुले वेळेवर येऊन पोहोचावीत, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.