उसन्या भीतीचा हिशेब
(धुळे येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



जुलै २०२५ मध्ये राज्याच्या विधानसभेत नवापूर तालुक्यातील चर्चचा प्रश्न उपस्थित झाला. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातील अनधिकृत चर्च सहा महिन्यांत हटवू, असे उत्तर महसूलमंत्र्यांनी सभागृहात दिले. पाड्यावरचे प्रार्थनाघर म्हणजे बहुधा मावची-गावितांनी स्वतःच्या जागेत, स्वतःच्या श्रमाने उभारलेली एक साधी खोली असते. बांधकाम-परवानगीचा कागद तिच्यापाशी नसतो हे खरे. पण तो शेजारच्या घरापाशीही नसतो आणि वेशीवरच्या मारुतीपाशीही नसतो. कायद्याचे बोट एकाच छपराकडे का वळले, हा साधा प्रश्न आहे आणि नवापूरच्या ख्रिस्ती माणसाला तो नेमका कळतो.

नवल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचे. ज्या मंडळ्यांच्या डोक्यावरचे छप्पर जाऊ घातले आहे, त्यांच्यातील सुशिक्षितांच्या दूरध्वनीवर येणाऱ्या चर्चविषयक बातम्या वेगळ्याच भयाच्या असतात. इस्लाम युरोप गिळतो आहे, केरळात ख्रिस्ती मुली पळविल्या जात आहेत, वक्फ मंडळ उद्या कबरस्तानावर दावा सांगेल, अशा त्या बातम्या. नवापूरच्या माणसाला एरंडोलच्या मुसलमानाची भीती वाटावी असा प्रसंग खानदेशात घडलेला नाही. ही भीती बाहेरून आलेली, उसनी आहे. उसने घेतले की व्याज भरावे लागते; ते कोण भरतो, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ह्या भीतीला काहीच आधार नाही असे म्हणणे हा पुरोगाम्यांचा जुना दोष आहे, आणि त्याने कोणाचेही समाधान होत नाही. श्रीलंकेत २१ एप्रिल २०१९ रोजी, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि हॉटेलांतील स्फोटांत अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली. पाकिस्तानात आसिया बीबी ह्या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीला ईशनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडावयास २०१८ साल उजाडले. मात्र तिची बाजू घेतली म्हणून जानेवारी २०११ मध्ये ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या ते पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर मुसलमान होते. ईशनिंदेच्या कायद्याला विरोध करणारे ख्रिस्ती मंत्री शाहबाज भट्टी दोन महिन्यांनी मारले गेले. ह्या दोन हत्या एकत्र सांगितल्या तरच सत्य कळते. बातम्यांत बहुधा दुसरीच तेवढी येते.

केरळातील प्रा. टी. जे. जोसेफ यांची कथा तर प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाने पूर्ण ऐकावी अशी आहे. प्रश्नपत्रिकेतील एका उताऱ्यावरून ४ जुलै २०१० रोजी धर्मांध टोळीने त्यांचा उजवा हात तोडला. येथवर सर्वांना ठाऊक असते. पुढे काय झाले? महाविद्यालयाच्या चर्चप्रणीत व्यवस्थापनाने त्यांनाच बडतर्फ केले. हलाखीत दिवस काढून २०१४ मध्ये त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली, तेव्हा कोठे निवृत्तीच्या उंबरठ्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. हात एका धर्माच्या अतिरेक्यांनी तोडला, भाकरी दुसऱ्या धर्माच्या व्यवस्थापकांनी तोडली. ह्या हकीकतीचा पूर्वार्ध जे सांगतात ते उत्तरार्ध गाळतात, आणि त्या गाळण्यातच भीतीचे राजकारण आहे.

आता मुनंबमचा प्रश्न. एर्नाकुळम जिल्ह्यातील ह्या किनाऱ्यावर सुमारे ६०० कुटुंबे राहतात. बहुतेक लॅटिन कॅथलिक मच्छीमार, काही हिंदूही. १९५० मध्ये फारूक कॉलेजला दिलेली ही जमीन पुढे कॉलेजने ह्याच रहिवाशांना विकली. त्यांनी पैसे मोजले, खरेदीखते केली, कर भरला. २०१९ मध्ये वक्फ मंडळाने ती वक्फ म्हणून नोंदविली आणि त्यानंतर ह्या माणसांचा कर स्वीकारणेही बंद झाले. ह्यात रहिवाशांवर अन्याय झाला हे निःसंशय. पण हा अन्याय कोणत्या जातीचा? मोबदला देऊन घेतलेल्या जमिनीवर कष्टकऱ्याचा हक्क की संस्थेचा, हा तो प्रश्न आहे आणि तो मठ-देवस्थानांच्या कुळांनाही चांगला परिचित आहे. केरळातील मुस्लिम लीगचे अध्यक्ष सादिक अली थंगळ नोव्हेंबर २०२४ मध्ये वरापुळाच्या लॅटिन कॅथलिक आर्चबिशपांना जाऊन भेटले होते. तडजोडीची वाट उघडी होती.

केरळच्या बिशपांच्या परिषदेने मात्र मार्च २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती विधेयकाला पाठिंबा देण्याचे आवाहन खासदारांना केले, आणि अखिल भारतीय परिषदेनेही जवळजवळ तोच सूर लावला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विधेयक संमत झाले. त्याच सुमारास संघपरिवाराच्या ‘ऑर्गनायझर’च्या संकेतस्थळावर, देशात सर्वाधिक जमीन वक्फकडे की कॅथलिक चर्चकडे, ह्याची चर्चा करणारा लेख झळकला, गवगवा होताच तो काढून घेण्यात आला. लेख गेला, पण विषयपत्रिका दिसून गेली. मुनंबमच्या कुटुंबांना कायदा होऊनही न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्याच लागल्या. आणि तीनच महिन्यांनी नवापूरच्या प्रार्थनाघरांचा प्रश्न निघाला. व्याज हे असे भरले जाते, आणि ते कर्ज काढणाऱ्याकडून वसूल होत नाही.

खुद्द चर्चची शिकवण येथे कोणत्या बाजूला आहे? १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मुसलमानांविषयी आदर व्यक्त करून मागील वैर विसरण्याचे आवाहन केले. २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट यांच्या रेगेन्सबुर्ग येथील भाषणाने वादळ उठले, पण त्याच वर्षअखेर ते इस्तंबूलच्या निळ्या मशिदीत गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अबुधाबी येथे पोप फ्रान्सिस आणि अल-अझहरचे शेख अहमद अल-तय्यब यांनी मानवी बंधुभावाच्या घोषणापत्रावर सह्या केल्या. नवापूरच्या मंडळ्या बहुतांशी प्रोटेस्टंट परंपरेतल्या असल्याने पोपचा शब्द त्यांना बंधनकारक नाही, हे खरे. तथापि केरळच्या कॅथलिक बिशपांची भीती त्यांना चालते आणि रोमची शिकवण तेवढी चालत नाही, ही निवड विचार करावी अशी आहे.

दूर कशाला जावयाचे? १९३२ मध्ये ह्याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. पुढे त्याच विनोबांनी कुराणाचे सार काढले आणि ख्रिस्तधर्माचेही. अंमळनेरच्या गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर पुस्तक लिहिले. दुसऱ्याचा धर्मग्रंथ वाचल्यावाचून त्याविषयी मत देऊ नये, एवढी शिस्त ह्या जिल्ह्यांना नवी नाही.

खानदेशातील धार्मिक तणावाचा इतिहास रक्ताचा आहे. भिवंडीपाठोपाठ ८ मे १९७० रोजी जळगाव पेटले. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या अहवालानुसार तेथे ४३ माणसे मेली, त्यांतील ४२ मुसलमान. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून भांडण झाले आणि त्याची अखेर पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुण मरण्यात झाली. ह्या दोन्ही वेळी ख्रिस्ती समाज पक्षकार नव्हता. जुलै २०२३ मध्ये एरंडोलच्या जुम्मा मशिदीत नमाज बंद करण्याचा आदेश जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी काढला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्यास स्थगिती द्यावी लागली, तेव्हाही ही बातमी नवापूरला परक्याची वाटली असेल. दोनच वर्षांत ती घरची झाली.

ह्याहून मोठा धागा जमातींच्या यादीत आहे. यावल-रावेरचे तडवी भिल्ल मुसलमान आहेत. नवापूरच्या मावची-गावितांत ख्रिस्ती अनेक. दोघेही अनुसूचित जमातीत आहेत, कारण जमातीच्या १९५० च्या आदेशाला धर्माची अट नाही. अनुसूचित जातींच्या आदेशाला ती आहे. शिखांसाठी १९५६ मध्ये आणि बौद्धांसाठी १९९० मध्ये ती सैल झाली, दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान मात्र बाहेरच राहिले. आता तीच अट जमातींनाही लावा, धर्मांतरितांना यादीतून वगळा, ही मागणी जोरात आहे. कार्तिक उरांव यांनी ती साठच्या दशकाअखेर संसदेत मांडली होती. २००६ पासून जनजाती सुरक्षा मंच ती रस्त्यावर घेऊन फिरतो. मान्य झाल्यास तिचा घाव तडव्यावर आणि मावचीवर एकाच दिवशी पडेल. मुलाचे वसतिगृह, नोकरीतील जागा, जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ न देणारे संरक्षण, सारेच त्या दाखल्यावर टांगलेले आहे.

तेव्हा यावल-रावेरचे तडवी आणि नवापूरचे मावची ह्यांची एकत्र बैठक पक्षाच्या दोन्ही जिल्हा शाखांनी पावसाळ्यापूर्वी, ऊसतोडीला गेलेली माणसे परतली की, घ्यावी. तेथे धर्मसंवादावर व्याख्यान नको. जातपडताळणीत अडकलेली प्रकरणे, वनहक्काचे फेटाळलेले दावे आणि प्रार्थनास्थळांच्या जागेचे सातबारे व ग्रामसभेचे ठराव, एवढेच कागद प्रत्येकाने बरोबर आणावेत.