राजवाड्यातले विद्यार्थी



मे महिन्यात आपल्या ओटीवर पत्त्यांचे डाव रंगत. आपल्याच कोकणात, सावंतवाडीला, पत्ते हाताने रंगवले जात. त्या गोल गंजिफा. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराची 12, म्हणजे एकूण 120 पाने. छापील पत्ते आले आणि चिताऱ्यांचा धंदा बसला. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी वृद्ध पुंडलिक चितारी यांच्याकडून ही कला शिकले. मग राजवाड्यातच नवे कारागीर तयार केले. राजघराण्याने कारागिराचे शिष्यत्व पत्करले, म्हणून गंजिफा आजही रंगवल्या जातात.

मित्रहो, गुरुजींनी आपल्याला भरभरून दिले. आता ज्याच्या हाती जे कसब असेल, ते त्याने आपल्या शाळेतल्या एका तरी मुलाला शिकवावे. गुरुदक्षिणा तीच.