अमेरिकन माणसे आणि मराठी पाहुणा

अमेरिकन लोकांत राहताना परदेशी माणसाला काय वाटते, या प्रश्नाचे मराठीत मिळणारे जुने आणि अतिशय सविस्तर उत्तर पंडिता रमाबाईंच्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या १८८९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे, आणि त्या उत्तराची दिशा ग्रंथाच्या नावातच दिसते. लोकस्थिति म्हणजे लोक कसे राहतात, कसे शिकतात, कायदे कसे करतात आणि एकमेकांशी कसे वागतात याचे वर्णन. प्रवासवृत्त म्हणजे स्वतःच्या प्रवासाची हकिकत. रमाबाईंनी लोकस्थितीला पहिले स्थान दिले आणि स्वतःच्या हकिकतीला दुसरे, कारण परक्या देशात आपले कसे झाले यापेक्षा तिथल्या माणसांचे कसे चालले आहे हे मायदेशातील बायाबापड्यांना कळणे त्यांना अधिक गरजेचे वाटत होते.

हा विषय बीड जिल्ह्यातील नांदूरघाटच्या श्रोत्यांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन, म्हणजे पुढच्या मजुरीवर आगाऊ रक्कम घेऊन, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात, परक्या शिवारात कोपी घालून राहतात, आणि ज्या गावाच्या कडेला मुक्काम पडला ते गाव पाणी भरू देते की हटकते यावरून त्या गावाची पारख करतात. परक्यांत राहिल्यावर माणसाला सर्वांत आधी कळते ती आपली पायरी, आणि यजमान चांगला की वाईट हे तो त्या पायरीवरूनच ठरवतो. अमेरिकेला गेलेल्या मराठी माणसांचे अनुभव याच दृष्टीने पाहिले पाहिजेत.

आनंदीबाई जोशी यांचा अनुभव प्रथम घेतला पाहिजे, कारण त्यांना अमेरिकेने बोलावले ते एका अनोळखी बाईच्या आपुलकीतून. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांना लिहिलेला पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मिशनरी नियतकालिकात छापला गेला आणि न्यू जर्सीमधील रोझेल या गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या गृहिणीने तो १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहताना वाचला. तिथून सुरू झालेली पत्रे पुढे तीन वर्षे समुद्रापार ये-जा करीत राहिली, आणि एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना न्यायला कार्पेंटरबाई स्वतः आल्या होत्या. आनंदीबाई त्यांना मावशी मानीत. लुगडे आणि शाकाहार ही दोन्ही व्रते त्यांनी परदेशात सोडली नाहीत. मात्र नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिथली थंडी ते सोसू देत नाही, म्हणून त्या गुजराती पद्धतीने पदर घेऊन पायघोळ नेसू लागल्या. धर्म न सोडता हवामानाशी केलेली ही तडजोड लहान दिसते, परंतु परदेशी माणसाला रोज सकाळी अशाच लहान तडजोडींतून वाट काढावी लागते.

आनंदीबाई ज्या पेनसिल्व्हानियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत होत्या तिथले १० ऑक्टोबर १८८५ चे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन परदेशी विद्यार्थिनी आहेत: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, आणि तिघींनीही आपापल्या देशाचा पोशाख घातला आहे. महाविद्यालयाला या तिघींचा अभिमान होता यात शंका नाही, आणि पुढे तिघीही तिथून डॉक्टर झाल्या, हेही खरे. तरीही छायाचित्राकडे नीट पाहिले तर अमेरिकन आदराची एक विशिष्ट रीत ध्यानात येते: पाहुण्याला शिकवावे, सामावून घ्यावे, पण तो परका आहे हे डोळ्यांना दिसत राहावे अशी हौसही बाळगावी. कुतूहल हा अपमान नव्हे. परंतु कायम कुतूहलाचा विषय होऊन राहणे थकवणारे असते, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या मनातील पुष्कळ एकटेपणा या थकव्यातून आलेला असतो.

गोपाळराव पुढे स्वतः अमेरिकेत आले आणि व्याख्यानांतून त्यांनी पाश्चात्त्य संस्कृतीवर कडक टीका केली. यजमानांचे दोष यजमानांच्याच सभेत सांगण्याचे त्यांचे धैर्य मान्य करावे लागते. मात्र त्या टीकेत पाहण्यापेक्षा वाद जिंकण्याची उमेद जास्त होती, आणि त्यामुळे आनंदीबाईंना आपल्या स्नेह्यांपुढे अवघड होऊन बसले. आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांचे वय २१ होते. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती ठेवली गेली. परक्या मुलीला आपल्या घरच्या माणसांशेजारी कायमची जागा देणारे हे कुटुंब अमेरिकन होते, आणि अमेरिकन माणसाविषयी बोलताना ही गोष्ट विसरता येत नाही.

आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभासाठी इंग्लंडहून आलेल्या रमाबाई १८८८ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत राहिल्या. त्यांना सर्वांत मोठा विस्मय वाटला तो बायकांच्या संघटनशक्तीचा. दारूबंदीसाठी झटणाऱ्या महिला संघाच्या कार्यकर्त्या सभा भरवतात, वर्गणी जमवतात, वर्तमानपत्रे चालवतात, हे पाहताना त्यांच्या मनात सतत आपल्याकडील बालविधवा होत्या. या बायकांना तेव्हा देशाच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क नव्हता, तरी त्यांनी कामाची व्यवस्था उभारली होती, हे रमाबाईंनी नेमके हेरले. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, तिने दहा वर्षे मदतीची हमी दिली, आणि त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवांची निवासी शाळा, उघडली. इतके उपकार डोक्यावर असतानाही त्यांच्या ग्रंथात अमेरिकेची आंधळी स्तुती नाही. मूळच्या रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावून लावल्याबद्दल, आणि गुलामगिरी कायद्याने संपल्यावरही काळ्या माणसाला तुच्छ लेखले जाते याबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्यांच्याकडून मदत घेतली त्यांच्याच देशाचा अन्याय नोंदवणे हा कृतघ्नपणा नसून ती प्रामाणिक मैत्री होय, आणि मराठी गद्यात असे लेखन विरळच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा अनुभव आणखी वेगळ्या पायरीवरून आलेला आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले आणि १९१६ पर्यंत तिथे शिकले. वसतिगृहात जेवताना, ग्रंथालयात बसताना, मित्रांबरोबर हिंडताना कोणी त्यांची जात विचारली नाही. युरोप-अमेरिकेतील पाच वर्षांच्या वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली होती, असे त्यांनी पुढे आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. ती जाणीव परत आली ती बडोद्याला नोकरीवर रुजू होताना, कारण तिथे त्यांना राहायला जागा मिळेना. आयुष्यातील उत्तम स्नेही आपल्याला कोलंबियात मिळाले, असे सांगताना त्यांनी जॉन ड्युई, एडविन सेलिग्मन यांसारख्या आपल्या प्राध्यापकांचीही नावे घेतली. येथे एक गोष्ट मात्र दृष्टीआड करता कामा नये. ज्या अमेरिकेने या विद्यार्थ्याला माणूस म्हणून वागवले, तीच अमेरिका त्याच वर्षांत दक्षिणेकडील राज्यांत काळ्या नागरिकांना वेगळ्या डब्यात आणि वेगळ्या शाळेत बसवीत होती. बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४६ साली त्यांनी काळ्या समाजाचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्यांच्या आणि काळ्या लोकांच्या स्थितीतील साम्य दाखवले.

यजमान देशाचे मोल त्या देशातील दुबळ्या माणसावरून करणे, ही रमाबाई आणि बाबासाहेब या दोघांची समान रीत होती. आजच्या मराठी पाहुण्याला ती पुष्कळदा साधत नाही, आणि याला त्याची परिस्थितीही कारणीभूत आहे. १९६५ च्या नव्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारे आशियातील शिकलेल्या माणसांना उघडली. डॉक्टर, इंजिनिअर आणि पुढे संगणक क्षेत्रातील तरुण गेले, १९८१ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळ उभे राहिले, गणपती बसू लागले. शेजारी हसतमुख असतो, रस्त्यात ओळख नसताना ‘कसे आहात’ म्हणून विचारतो, बर्फ पडल्यावर वाट साफ करायला हात देतो. परंतु त्या ‘कसे आहात’ला खरे उत्तर अपेक्षित नसते आणि न कळवता कोणाच्या दारात जायचे नसते, हे कळायला नवख्याला वर्ष लागते. पॉटलक नावाचे जेवण, ज्यात प्रत्येक पाहुणा आपल्या घरून एक पदार्थ घेऊन येतो, आपल्याकडील यजमानधर्मात वाढलेल्या माणसाला आधी कंजूषपणाचे वाटते आणि मग त्यातील सोय व बरोबरी पटते.

माणसांचा हा मोकळेपणा एकीकडे, आणि कायद्याची करडी नजर दुसरीकडे. एच-वन-बी हा कुशल कामगारांचा तात्पुरता परवाना सामान्यतः सहा वर्षांपर्यंतच मिळतो आणि तो नोकरी देणाऱ्या कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी गेल्यास दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. कायम वास्तव्याच्या परवान्यावर, म्हणजे ग्रीन कार्डावर, प्रत्येक देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. उचल घेतलेल्या ऊसतोड मजुराला हंगाम अर्ध्यावर सोडता येत नाही. पगार कितीतरी पटींनी मोठा असला तरी परवान्यावरच्या माणसालाही आपली इच्छा नोकरीदात्यापुढे आवरावी लागते. म्हणून अमेरिकन माणूस आवडतो पण अमेरिकेची धास्ती वाटते, असे दुहेरी उत्तर तिथे राहिलेल्या मराठी माणसाकडून वारंवार येते, आणि ते दोन्ही बाजूंनी खरे आहे.

नांदूरघाट आणि केज परिसरातील ज्या घरांतील मुले-मुली परदेशी आहेत, त्या घरांतील आईवडिलांना एक विनंती आहे. फोनवर पगार आणि घराचा हप्ता विचारून झाल्यावर शेजारी कोण राहतो, कचरा उचलायला कोण येतो, त्याच्याशी लोक कसे बोलतात, हेही मुलांना विचारावे, आणि जे कळेल ते मुलांनी मराठीत लिहून काढावे. रमाबाईंचा ग्रंथ तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर तो मागवावा.