साखरेची ओळख

गेल्या सुगीत मी जुन्नरला खालांकडे गेलो होतो. पडवीत शेंगांचा ढीग होता आणि खाला सुपात दाणे निवडत होत्या. वर्षापूर्वी त्यांच्या स्तनातल्या गाठीची शस्त्रक्रिया झालेली. मी गूळ-शेंगदाण्यांची वाटी पुढे केली, तर त्यांनी ती बाजूला सारली. म्हणाल्या, "गोड खाल्लं की गाठ पोसते म्हणे. आणि शेंगदाण्यातही गाठीला चिकटणारं काहीतरी असतं. मी दोन्ही सोडलंय, आता तपासणीला कशाला जायचं?"

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला उत्तर देता आले नाही. मग डॉक्टरांना विचारले, वाचत गेलो. जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या पेशींच्या अंगावर शर्करेच्या साखळ्यांची लव असते. ही चहातली साखर नव्हे. या साखळ्या पेशी स्वतः घडवते. त्या ओळखून धरणाऱ्या प्रथिनांना 'लेक्टिन' म्हणतात. १८८८ साली श्टिलमार्क यांना एरंडाच्या बियांत असे प्रथिन आढळले. त्याने रक्तपेशी एकमेकींना चिकटत. १९५४ साली विल्यम बॉइड यांनी लेक्टिन हे नाव दिले. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ निवडणे. म्हणजे खालांच्या सुपातलेच काम!

लेक्टिनच्या अंगावर एक उथळ खोबण असते. तीत ठरावीक शर्कराच नीट बसते. एकेक पकड तशी कच्ची. पण माळावरून चालताना धोतराला लागणारी कुसळे आठवा. एक कुसळ सहज झटकता येते, शंभर लागली की बसून काढावी लागतात. लेक्टिनची ताकद अशी संख्येत असते.

आता शेंगदाणा. त्यातही लेक्टिन आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत एम. विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्याची रचना उलगडली. निरोगी पेशीवर झाकलेली एक शर्करा अनेक कर्करोगांत उघडी पडते आणि हे लेक्टिन नेमके तिलाच धरते. म्हणून प्रयोगशाळेत त्याचा उपयोग होतो. खालांनी ऐकले ते अगदीच खोटे नव्हते. मात्र शेंगदाणे खाल्ल्याने माणसाला कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही.

लेक्टिने आपल्या शरीरातही असतात. १८८९ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने लिहिले की, कर्करोगाच्या पेशी बियांसारख्या सर्वत्र जातात, पण मानवेल त्या मातीतच रुजतात. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. पण बियाला माती ओळखू कशी येते? खारघरला टाटा स्मारक केंद्राची 'ॲक्ट्रेक' ही संशोधन संस्था आहे. तिथे राजीव कलरैया आणि सहकाऱ्यांनी उंदरांतल्या त्वचेच्या एका कर्करोगाचा अभ्यास केला. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर 'गॅलेक्टिन-३' नावाचे लेक्टिन असते. कर्कपेशीवरच्या लांब शर्करासाखळ्या त्याच्या हाती लागतात आणि पेशी तिथे मुक्काम ठोकते, असे त्यांना दिसले. हे संशोधन २००५ साली प्रसिद्ध झाले.

ही पकड सोडवणाऱ्या औषधांच्या चाचण्या सुरू आहेत, पण रूढ उपचारांत ती अजून आलेली नाहीत. तेव्हा या नावाने कोणी पूड किंवा काढा विकू लागला, तर पैसे देण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

मी खालांना म्हणालो, "पेशीवरची साखर ताटातली साखर सोडून पुसली जात नाही. खाण्याचं पथ्य डॉक्टर सांगतील तेवढंच. पण सुटलेलं बी कुठं रुजलंय का, हे तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी तपासणीला जायलाच हवं."

खाला बराच वेळ सूप पाखडत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुण्याची पहिली एसटी किती वाजता असते रे?"

त्या दिवशी डबा त्यांनीच भरला. त्यात शेंगदाण्याचे दोन लाडू होते. एक माझा, एक त्यांचा.