मासोळीचे तुकडे आधी मोजा
(यवतमाळ येथील महिला मेळाव्यातील भाषण)



आज मासोळीच्या सालनावर बोलणार म्हटलं तेव्हा मुलगा हसला. चळवळीच्या बैठकीत स्वयंपाक? मी म्हटलं, हो. बाईच्या ताटात काय पडतं, हाही हक्काचाच प्रश्न आहे.

माझ्या माहेरी मासोळी झाली की तुकडे अब्बांना, भावांना, पाहुण्याला. अम्मी आणि मी रश्शात भाकर कुस्करून खायचो. कोणी दुष्ट नव्हतं. तुकडे कमी होते आणि आम्ही शेवटी बसायचो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. लोहाच्या गोळ्या घ्याच. पण भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला सोबत मटण किंवा मासोळी असली तर मदत होते.

मटणाचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. 2015 साली बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाघरचं स्वस्त सालन गेलं. म्हणून मी फ्रोजन मासोळीकडे वळले. सासूबाई आधी म्हणाल्या, "ही शिळी." शिळी नव्हे. कारखान्यात मासोळी झपाट्याने गोठवतात आणि उणे 18 अंशांवर ठेवतात. शिळी होते ती आपल्या हातून, सुटलेली मासोळी पुन्हा गोठवली की. घरच्या फ्रीजरमध्ये ती हळू गोठते, आत बर्फाचे मोठे खडे होतात, मांस फाटतं आणि कढईत त्याचा लगदा होतो.

घेताना पाकीट दाबून बघा. आत बर्फाचा चुरा जमला असेल, कडा पांढऱ्या कोरड्या पडल्या असतील, तर परत ठेवा. वजन बर्फ वगळून लिहिलंय का, तेही वाचा. पाण्याचे पैसे कशाला द्यायचे? आणि भाव नुसता किलोचा धरू नका. अख्ख्या रोहूचं डोकं, खवले, आतडी काढली की साधारण तिसरा हिस्सा जातो. बिनकाट्याच्या पाकिटातलं सगळं पोटात जातं, लहान लेकराला आणि म्हाताऱ्या माणसालाही देता येतं. ईसापूर, बेंबळा, अरुणावतीची ताजी मासोळी परवडत्या भावात मिळाली तर मात्र तीच घ्या. पैसा आपल्याच मच्छीमाराच्या घरी जातो. मासोळीला जबह लागत नाही, त्यामुळं विकणारा कोण हा प्रश्नही उरत नाही.

आता रांधायचं. रात्री पाकीट फ्रीजच्या खालच्या खणात ठेवा. घाई असेल तर बंद पाकीट थंड पाण्यात बुडवा. गरम पाण्यात नको, ओट्यावर उघडंही नको. फ्रीज नसेल किंवा लाइनीचा भरवसा नसेल तर त्याच दिवशी आणून त्याच दिवशी करा. सुटलेलं पाणी फेकून तुकडे कापडानं कोरडे करा. बहुतेकींचं इथंच चुकतं. ओले तुकडे तळले जात नाहीत, उकडतात. हळद, मीठ, लिंबू लावून थोडा वेळ ठेवा. कांदा आणि सुकं खोबरं भाजून वाटा, लसूण-तिखट घाला, चिंचेचा कोळ सोडा. रस्सा खळखळला की शेवटी तुकडे टाका. सात-आठ मिनिटं पुरे, चमचा फिरवू नका, कढई हलवा.

पण कढई चढवायच्या आधी एक काम. घरात माणसं सात असतील तर सात सारखे तुकडे करा, सुनेला आणि लेकीला धरून. मोठे कमी तुकडे करण्यापेक्षा लहान पण पुरते करा. माझ्या घरी मी प्रत्येकाची वाटी आधीच भरून ठेवते, कारण नंतर "मला नको, तुम्ही घ्या" म्हणायची आपल्याला खोड आहे. माझीही पूर्ण गेलेली नाही.

मागच्या खोलीत दोन किलो मासोळी रात्रीपासून सुटायला ठेवली आहे. चला, तळायला घेऊ. वाढायला पुरुष मंडळी थांबली आहेत. आज ती शेवटी बसतील.